बुरसटलेले खोबरे आणि म्हशीचे दूध

नारळ फोडून वाट्या वाळत घातल्या, दोन दिवस ऊन मिळाले आणि मग आभाळ भरून आले, असा अनुभव पावसाळ्याच्या तोंडाशी पुष्कळांना येतो. वाट्यांचा ढीग पडवीत येतो. आठवड्याने पाहावे तर त्यावर पिवळसर हिरवा बुरा! मग फडक्याने पुसून त्या पुन्हा उन्हात टाकतात. बरे दिसेल ते स्वयंपाकाला आणि घाण्यावर, अगदीच काळे पडलेले म्हशीच्या आंबोणात.

ही काटकसर खोटी आहे. बुरा पुसता येतो, विष पुसता येत नाही. या बुरशीचे नाव ॲस्परजिलस फ्लेवस, आणि ती जे विष सोडते त्याला ॲफ्लाटॉक्सिन म्हणतात. प्रत्येक बुरसटलेल्या वाटीत ते असतेच असे नाही. पण ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून धरून चालावे की आहे. चांगले उकळले की सारे मरते, ही समजूत येथे उपयोगी नाही. बुरशी मरते, विष मागे राहते. सफरचंदावरच्या निळ्या बुरशीचेही असेच. तिचे पॅट्युलिन नावाचे विष रस तापवूनही टिकते. म्हणून सडकी फळे जॅम-सरबताला चालतात असे समजू नये.

ॲफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका गरिबांनी खाल्ला. दुसरे होते काय खायला? कावीळ झाली, पोटात पाणी भरले, आणि शंभरावर माणसे दगावली. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही मेली. विष हेच होते. थोडे थोडे, पण वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटीस बी झालेल्यांना हा धोका कितीतरी अधिक.

उपाय वाळवण्यातच आहे. ताज्या खोबऱ्यात सुमारे निम्मे पाणी असते. ते शेकडा सहावर आले की बुरशीचे फारसे चालत नाही. पूर्ण तयार झालेलेच नारळ घ्यावेत. फोडल्यावर पाणी निथळून वाट्या त्याच दिवशी उन्हात लावाव्यात, चटईवर, मातीवर नव्हे. रात्री दव पडू देऊ नये. कडक उन्हात सहा ते आठ दिवस लागतात. आभाळाचा भरवसा नसेल तर नारळ फोडूच नयेत, किंवा मंद आचेवर वाळवण्याची सोय आधी करावी. मोडताना कट्‌ आवाज झाला तर खोबरे वाळले. वाकले तर नाही. अर्धवट वाळलेले प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

आता म्हशीकडे वळू. घाण्यात बुरसट खोबरे घातले तर विष तेलापेक्षा पेंडीत जास्त उतरते. ती पेंड म्हशीने खाल्ली की दिवसाच्या आत विषाचा अंश दुधात येतो, आणि दूध तापवून तो जात नाही. भारतातील नियमाप्रमाणे एक किलो दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक अंश चालत नाही. हे दूध घरात सर्वांत जास्त कोण पिते, ते आईला सांगायला नको. बुरसटलेली पेंड आणि खोबरे पुरून टाकावे, कोंबड्यांपुढेही टाकू नये. असे खाद्य बंद केल्यावर दूध काही दिवसांतच स्वच्छ होऊ लागते.