ब्रेकमधील हवा आणि मिटलेल्या झडपा

मोटारीचे ब्रेक दाबताना चालकाच्या पायातील जोर चाकापर्यंत वाहून नेणारी वस्तू ही दांडी किंवा तार नसून, अरुंद नळ्यांत कोंडून ठेवलेला जेमतेम लिटरभर द्रव असतो, ही गोष्ट रोज मोटार हाकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या गावीही नसते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात मांडला. त्याचा लाभ मोटारीच्या चारही चाकांना मिळण्यास मात्र १९२१ च्या सुमारास निघालेल्या अमेरिकेतील ड्युसेनबर्ग गाडीची वाट पाहावी लागली. या साऱ्या व्यवस्थेचा आधार एकच, की द्रव दाबून लहान होत नाही. हवा होते. म्हणून नळीत हवेचा एखादा बुडबुडा शिरला, की पायाचा जोर चाकाकडे जाण्याऐवजी त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्ची पडतो, आणि पेडल मऊ लागू लागते.

ही हवा शिरते ती बहुधा दुरुस्तीच्या निमित्ताने नळी सोडल्यावर, किंवा हयगयीमुळे टाकीतील ब्रेक ऑइल तळाला गेल्यावर. परंतु बाहेरची हवा मुळीच न शिरताही तोच अनर्थ ओढवू शकतो. नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल वातावरणातील आर्द्रता हळूहळू शोषून घेते. डॉट ४ जातीचे ताजे ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. आंबोलीचा किंवा वरंधचा घाट खालच्या गिअरमध्ये न उतरता ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्या मोटारीत ब्रेक इतके तापतात, की आतल्या पाण्याची वाफ होते व पेडल तळाला जाते. आणि तासाभराने गाडी निवली की वाफ विरून पेडल पुन्हा ठणठणीत झालेले असते, त्यामुळे तक्रार करणाराच खोटा ठरतो!

ब्रेकची एअर काढण्याची जुनी रीत दोन माणसांची आहे. चाकामागच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावयाचे, आत बसलेल्या मदतनिसाने पेडल दाबून धरावयाचे, पान्याने निप्पल किंचित सैल करून बुडबुड्यांसह द्रव बाहेर येऊ द्यावयाचा, आणि निप्पल पुन्हा आवळल्याखेरीज पेडल वर सोडावयाचे नाही. टाकीत मध्यंतरी भर घालीत राहिले, की साध्या मोटारीत एवढ्याने काम तडीस जाते.

ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या मोटारीचा मामला निराळा. बॉश कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेल्या एबीएसचे काम चालकाने दिलेला दाब चाक अडकू लागताच घटकाभर कमी करण्याचे होते; १९८६ च्या ट्रॅक्शन कंट्रोलकडे उलट मुखत्यारी आली, ती ही की चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर एखादे चाक जागच्या जागी गरगरू लागले, तर चालकाने पेडलला स्पर्शही केला नसताना त्या चाकापुरता ब्रेक स्वतःच लावावयाचा. त्यासाठी यंत्रातील पंपाला टाकीकडून द्रव ओढून घेण्याची एक स्वतंत्र वाट द्यावी लागते, आणि त्या वाटेवरची झडप एरवी मिटलेली असते. एबीएसमधील दाब सोडणाऱ्या झडपाही तशाच मिटलेल्या असतात. त्यामुळे सणापूर्वी सारे घर झाडावे पण कुलूप घातलेली कोठीची खोली तशीच राहावी, तसा प्रकार होतो: पेडल कितीही वेळा दाबले तरी त्या वाटांतील जुना द्रव आणि त्यात अडकलेली हवा जागची हलत नाही. कारखान्यात पेडल कडक लागते, सर्वांची खातरजमा होते. पुढे एखाद्या पावसाळी दिवशी यंत्रणा जागी होऊन झडपा उघडते, कोंडलेली हवा मुख्य नळ्यांत उतरते, आणि पेडल खचते.

यावर उपाय म्हणजे मोटारीच्या संगणकाला स्कॅनर जोडून पंप व झडपा हुकमाने चालविणे आणि त्या चालू असतानाच निप्पलवाटे हवा काढणे. कोणत्या चाकापासून आरंभ करावा हे उत्पादकाच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे, कारण सर्वांत दूरचे चाक आधी हा जुना नियम सर्व गाड्यांना लागू पडत नाही. मात्र प्रत्येक वेळी हा खटाटोप हवाच असे नाही. टाकी रिकामी पडू न देता केवळ ऑइल बदलावयाचे असेल, तर अनेक गाड्यांना जुनी रीत पुरते. टाकी कोरडी पडली असेल किंवा एबीएसचे यंत्रच बदलले असेल, तर स्कॅनरला पर्याय नाही. काही कारागीर मोटार खडीच्या रस्त्यावर नेऊन करकचून ब्रेक मारतात, एबीएस चालू करवून घेतात आणि मग पुन्हा एअर काढतात. ही युक्ती कधी साधतेही. तथापि तिने ट्रॅक्शन कंट्रोलची ती ओढून घेणारी झडप उघडेलच असे नाही, आणि ज्या ब्रेकविषयी शंका आहे त्यांची परीक्षा रस्त्यावर घेणे मला तरी सर्वथा गैर वाटते. बाटलीत काढलेले ऑइल स्वच्छ दिसते म्हणून पुन्हा टाकीत ओतण्याची काटकसरही त्याच मासल्याची.

तेव्हा ब्रेकच्या कामासाठी मोटार सोपविताना टाकी कोरडी पडली होती काय आणि स्कॅनरने पंप चालविणार काय, हे मालकाने स्वतः विचारून घ्यावे. आणि स्कॅनरची गरज असून तो तेथे नसेल, तर गाडी तो असलेल्या ठिकाणी टो करून न्यावी, चालवीत नेऊ नये.