पोळा ते दिवाळी : मुलांच्या हाती सणाची माती

श्रावण उतरणीला लागला, की खानदेशातील घराघरांत सणांची लगबग सुरू होते. कानबाईच्या रोटांची चव जिभेवर असतानाच पोळा येतो आणि त्यामागून गणराय, गौरी, गुलाबाई, घट, दसरा, कोजागिरी व दिवाळी अशी रांगच लागते. श्रावण अमावास्येचा पोळा आणि आश्विन अमावास्येचे लक्ष्मीपूजन यांमध्ये, अधिक मास आला नाही तर, बरोबर दोन चांद्रमासांचे अंतर असते. वर्षातील अर्धेअधिक थोर सण या दोन महिन्यांत सामावले आहेत.

या सणांच्या पूजेला लागते तरी काय? माती, पाणी, पान, फूल, धान्य आणि कापूस. पूर्वी यांतील प्रत्येक वस्तू घरातून, अंगणातून किंवा शेताच्या बांधावरून येत असे आणि ती आणण्याचे, निवडण्याचे, वळण्याचे काम बहुधा मुलांकडे असे. आज ही सारी सामग्री बाजारातून पिशवीत बांधून येते. मुलांच्या वाट्याला आरतीच्या टाळ्या आणि प्रसाद एवढेच उरते. त्यांना सण दिसतो, पण तो हाताला लागत नाही. म्हणून प्रत्येक सणातील एखादे लहानसे काम मुलांकडे कसे सोपवावे, याचा विचार येथे केला आहे. त्यासाठी मोठे अंगण लागत नाही. सदनिकेची गॅलरी आणि एक परात पुरेशी आहे.

पोळा : काळ्या मातीचा बैल

ज्याच्या दारी बैलजोडी आहे तो पोळ्याला तिची पूजा करतो. ज्याच्या दारी नाही तो मातीचे बैल पाटावर मांडतो. जळगाव-धुळ्याच्या शहरी वस्तीत आता दुसराच प्रकार अधिक. हे बैल विकत न आणता मुलांकडून करवून घ्यावेत. आपल्या शेजारच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खास मुलांचा ‘तान्हा पोळा’ भरतो आणि लाकडी बैल घेऊन मुले मिरवतात. मुलांचा या सणावरील हक्क तिकडे असा मान्यच झालेला आहे.

आपली काळी माती चिकट खरी, पण वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. पाणी शोषून फुगायचे आणि सुकताना आक्रसायचे, हा या कपाशीच्या जमिनीचा स्वभावच आहे. म्हणून दोन वाट्या चाळलेल्या काळ्या मातीत एक वाटी नदीचा पोयटा किंवा बारीक वाळू मिसळावी आणि चिमूट-दोन चिमूट पिंजलेला कापूस विस्कटून कालवावा. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात व भेगा कमी पडतात. हा गोळा एक रात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, की दुसऱ्या दिवशी लोण्यासारखा वळतो. पायांच्या आत कडब्याच्या धांड्याचे लहान तुकडे घालावेत, म्हणजे बैल बसकण मारीत नाही. शिंगे आणि वशिंड हे मुलांचे विशेष प्रेमाचे भाग. ते त्यांच्या मनासारखे मोठे होऊ द्यावेत. बैल सावलीतच वाळवावा. रंगासाठी गेरू, हळद आणि तांदळाची पिठी पुरे. चुना मुलांच्या हाती देऊ नये.

त्याच दिवशी आणखी एक काम करता येते. गेल्या दसऱ्याची झेंडूची माळ वाळवून ठेवली असेल, तर त्यातील एक फूल मुलांना कुस्करायला द्यावे. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, सुईसारख्या बारीक बिया सापडतील. कुंडीतील भुसभुशीत मातीवर त्या पसरून वर नखभर माती पसरावी. आठवड्याच्या आत अंकुर दिसतो आणि साधारण दोन महिन्यांत फूल येते. पोळ्याला पेरलेला झेंडू अशा रीतीने दिवाळीच्या तोरणाच्या बेताला येऊन पोहोचतो. दसऱ्याला फुले हवी असतील, तर बी नागपंचमीच्या सुमारास टाकावे लागते. बाजारातील संकरित फुलांच्या बियांतून आईसारखेच फूल येईल असे नाही. ते कसे येते याची वाट पाहण्यातही मुलांना मौज वाटते.

गणेशोत्सव : दूर्वांचे ताट, पत्रीची वही

चतुर्थीचा गणपती पार्थिव, म्हणजे मातीचाच असावा हे शास्त्र सर्वांस ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही मातीच्या मूर्तीचाच आग्रह धरला. पूजेच्या मूर्तीशेजारी मुलांनी वळलेला वीतभर गणपती अवश्य ठेवावा. सोंड कोणीकडे वळवावी, अशी शंका आजींना हटकून येते. घरच्या मूर्तीची सोंड डावीकडे असावी ही सर्वसाधारण रीत मुलांना आधीच सांगून ठेवावी. पण चिमुकल्या हातांनी ती उजवीकडे गेलीच, तर मूर्ती मोडून मुलांना हिरमुसले करू नये. एरंडोलजवळच्या पद्मालयात डाव्या व उजव्या सोंडेच्या दोन स्वयंभू मूर्ती शेजारी शेजारी विराजमान आहेत आणि भक्त दोहोंपुढे सारखाच माथा टेकवितात. कमळांनी भरलेल्या तळ्याकाठचे ते देवस्थान या दिवसांत मुलांना दाखवून आणावे.

दूर्वा विकत घेण्याऐवजी लावणे फार सोपे आहे. दूर्वेच्या जमिनीलगत पसरणाऱ्या दोरीला पेरे असतात. दोन-तीन पेरांचे तुकडे करून ते पसरट ताटातील मातीत आडवे दाबावेत आणि ओल राखावी. पावसाळी हवेत प्रत्येक पेर मुळे धरते. श्रावणाच्या आरंभी लावलेले ताट चतुर्थीला हिरवेगार होते आणि बाप्पाच्या एकवीस दूर्वा खुडण्याचा मान ते वाढविणाऱ्या मुलाला मिळतो.

पत्रीचे एकवीस प्रकार जमविण्यासाठी झाडे ओरबाडू नयेत. प्रत्येकाचे एकच पान घ्यावे, पूजेनंतर ते जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि वहीत चिकटवून खाली नाव लिहावे. शमी, आघाडा, माका, बेल, डोरली, मरवा, हादगा ही नावे ज्या मुलांनी केवळ पोथीत ऐकली, त्यांना ती पानावरून ओळखता येऊ लागतात. एक दक्षता मात्र पाळलीच पाहिजे. धोत्रा, कण्हेर आणि रुई या वनस्पती विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा करतो. ही तीन पाने मोठ्यांनीच तोडावीत आणि पत्री हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

विसर्जन घरीच बादलीत केले, तर खाली बसलेली माती शेणखतात थोडी थोडी मिसळून कुंडीत घालता येते. मूर्तीला रासायनिक रंग दिलेला असेल, तर मात्र हे करू नये.

गुलाबाई : खिरापतीचा डबा

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात मुलींची गुलाबाई बसते. काही घरी तिला भुलाबाई म्हणतात. शंकर-पार्वतीचे हे लोकरूप. टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात आणि झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याची चढाओढ लागते. या वर्षी कुंभाराकडून तयार मूर्तीबरोबर भिजवलेल्या मातीचा एक गोळाही मागून आणावा. कुंभाराला दोन पैसे अधिक मिळतील आणि मुलींना गुलाबाईसाठी चिमुकली चूल, जाते, पाटा-वरवंटा, पाळणा असा संसार मांडता येईल. बहीण गाणी म्हणत असताना भाऊ माती वळू लागला, तर त्याला हसू नये. गाणी मात्र आजीकडूनच शिकावीत आणि ती मुलींनी वहीत उतरवून घ्यावीत, कारण आजींच्या मुखातील सगळी गाणी अजून छापली गेलेली नाहीत.

घटस्थापना : पेरणीचा पहिला धडा

या साऱ्या मालिकेत मुलांना सर्वाधिक देऊन जाणारा विधी म्हणजे घट. पुष्कळ घरी पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. प्रथम ही पत्रावळच मुलांकडून लावून घ्यावी. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण त्यांना तोंडपाठ असते, पण एका देठाला खरोखरच तीन पाने असतात हे हातात घेतल्यावाचून पटत नाही. पाने ओल्या फडक्याने पुसून, एकावर एक किंचित चढवून, बारीक काड्यांनी टाचावीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात ‘पत्रावळ’ नावाचे एक प्रकरणच आहे. ज्या पानावर जेवायचे ते स्वतः लावता आले पाहिजे, एवढ्या साध्या गोष्टीत केवढा संस्कार आहे, हे गुरुजींनी तेथे दाखविले आहे.

पेरणीसाठी काळी माती, वाळू आणि जुने शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि बी कुजते. धान्य आदल्या रात्री भिजत घालावे. गहू, ज्वारी, मूग, उडीद, हरभरा असे घरच्या रीतीप्रमाणे जे असेल ते पेरावे, पण मुलांसाठी प्रत्येकाचा वेगळा कोपरा राखावा. मग रोज सकाळी काय दिसते ते त्यांनी पाहावे. गहू एकच कोवळे पाते वर काढतो. मूग आणि उडीद आपल्या दोन डाळिंब्या डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतात. हरभरा डाळिंब्या मातीतच ठेवतो आणि केवळ कोंब वर धाडतो. एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढणाऱ्या बियांचे हे निरनिराळे स्वभाव नऊ दिवसांत डोळ्यांपुढे उलगडतात.

भाजलेल्या मातीच्या घटातून पाणी हळूहळू पाझरते आणि मातीला ओल देत राहते. म्हणून वरून पाणी थोडेच शिंपडावे. देवघरातील मंद उजेडात अंकुर पिवळे पडतात, कारण पानातील हिरवा रंग तयार होण्यास प्रकाश लागतो. हाच सोनसळी रंग आपण दसऱ्याला शुभ मानून केसांत व टोपीत खोवतो. मुलांनी एका वाटीत तेच धान्य खिडकीशी पेरून दोन्ही रंगांची तुलना करावी. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असताना बियाणे कसे उगवते हे पाहण्याची ही संधी शेतकरी घरांना सहजच मिळे.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. घट भरघोस उगवला, की घरात आनंद होतो. विरळ उगवला, की मोठ्यांच्या मनात शंका येते आणि कधी कधी ती मुलांसमोर बोलूनही दाखविली जाते. ज्या मुलाने आपल्या हाताने धान्य टाकले, त्याच्या मनावर अशा शब्दाचा केवढा घाव बसत असेल! ‘देवी रुसली’, ‘तुझा हात चांगला नाही’ असे शब्द त्याच्या कानी कदापि पडू देऊ नयेत. बी न उगवण्याची कारणे बहुधा साधी असतात : पाणी जास्त झाले, बी जुने होते, किड्याने पोखरले किंवा ते फार खोल गेले. ती त्याच्यासह शोधावीत. मोठ्या घटाशेजारी मुलासाठी एक लहानशी पणती किंवा वाटी वेगळी पेरावी, म्हणजे पूजेचा भार त्याच्यावर राहत नाही. न उगवलेली वाटी रिकामी करून तिसऱ्या दिवशी पुन्हा पेरू द्यावी. गहू आणि मूग दसऱ्यापर्यंत नक्कीच डोके वर काढतील. पहिला पाऊस दगा देतो, तेव्हा खानदेशातला शेतकरी दुबार पेरणी करतो. त्याचे बळ कशात असते, हे मुलाला त्या वाटीतून कळेल. आई जगदंबा लेकराच्या चुकीवर रुसत नाही, हाच खरा भक्तीचा पाठ आहे.

दिवाळी : बोंडापासून वातीपर्यंत

आश्विनात कपाशीची बोंडे फुटू लागतात. कापसाच्या मुलखात राहूनही वात ही दुकानातील पुडीतून येते, असे पुष्कळ मुलांना वाटते. ओळखीच्या शेतातून चार बोंडे आणावीत. एका बोंडात चार-पाच कप्पे असतात; त्यातील सरकी मुलांनी बोटांनी काढावी, मोजावी, मग कापूस पिंजावा. हाताला किंचित राख किंवा दूध लावून तळहातावर लांब वात वळता येते. गोल फुलवात थोड्या सरावाने जमते. कापसाचा पातळ पेळू ओढून, ठरावीक अंतरावर पिळून व कुंकवाची बोटे लावून गेजवस्त्र करणे ही तर आजींची खास कला. झेंडूची माळ ओवायला केळीच्या वाळलेल्या सोपटाचा दोरा काढावा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या खोडाचा हा जुना उपयोगही मुलांना माहीत असावा.

आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेत, जाते, चूल आणि देव यांच्या सहवासात त्यांना काव्य सुचले आणि १९५१ मध्ये त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ते ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आले. हातांनी केलेल्या कामातून मन किती समृद्ध होते, याचे याहून थोर उदाहरण आपल्या मातीत दुसरे कोणते?

माताभगिनींना एवढीच विनंती आहे, की हे सर्वच उपक्रम एका वर्षात करण्याची घाई करू नये. एक बैल, एक दूर्वांचे ताट, एक वाटीभर पेरणी किंवा एक वात, यांपैकी जे झेपेल ते मुलांकडे सोपवावे आणि सोपविल्यावर त्यात आपला हात घालून ते सुबक करू नये. वाकड्या शिंगांचा बैल पाटावर मांडला, जाड वात निरांजनात लावली, तरी पूजेत काही उणे पडत नाही. देवाला भाव पोहोचतो, असे आपण मुलांना नेहमी सांगत असतो. त्यावर आपला स्वतःचा किती विश्वास आहे, हे त्यांना या दोन महिन्यांत दिसू द्यावे.