आजीचं रक्त आणि स्पॅनिश

जेनेटिक्समध्ये पीएचडी करायची, मग लॅटिन अमेरिकेचा समाज कशाला अभ्यासायचा, असं वाटतंय? अर्जेंटिनाकडे बघा.

१९७६ ते १९८३ तिथे लष्करी राजवट होती. हजारो माणसं उचलून नेली गेली. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘देसापारेसिदोस’ म्हणतात. शब्दकोश सांगेल ‘बेपत्ता’. पण बेपत्ता माणूस नुसता हरवलेलाही असू शकतो. यांना सरकारनेच नाहीसं केलं होतं. कैदेत जन्मलेली बाळं परक्या घरांत वाढली. त्यांना शोधायला १९७७ मध्ये आज्यांनी संघटना काढली, ‘आबुएलास दे प्लासा दे मायो’.

आता अडचण बघा. बाळाचं नातं तपासायला आईबापांचं रक्त हवं, आणि तेच नाहीत. मग आजी-आजोबांच्या रक्तावरून जमेल का? हा प्रश्न कुठल्या लॅबमध्ये सुचला नाही. आज्याच तो घेऊन शास्त्रज्ञांकडे गेल्या. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९८४ पासून त्यावर काम केलं. आधी एचएलए, पुढे मायटोकॉन्ड्रियल डीएनए. तो आईकडून मुलांकडे जातो, म्हणून आईच्या आईचा नमुना कामी येतो. (बाबांच्या आईचा इथे उपयोग नाही!) १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकीय बँक झाली. शंभरावर नातवंडांची ओळख पटली आहे.

पद्धत तुम्हाला इंग्रजी पेपरमध्येही मिळेल. पण मोठं झालेलं नातवंडच रक्त द्यायला नाही म्हणालं तर? हक्क कुणाचा, त्याचा की वाट बघणाऱ्या आजीचा? यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले, आणि ते स्पॅनिशमध्ये आहेत.