एक रेघ की दोन?

आमच्या बहुतेक व्यापारी बांधवांचा माल टेम्पोने येतो-जातो. पण चालकाला रस्त्यावरच्या सर्व खुणा ठाऊक असतातच असे नाही. लाल काठाच्या निळ्या वर्तुळात एकच तिरपी लाल रेघ असेल तर तेथे गाडी उभी करून ठेवता येत नाही. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबण्यासही मनाई आहे. एका गोणीसाठी तेथे थांबले की दंड अखेर मालकाच्याच गल्ल्यातून जातो. पांढऱ्या वर्तुळात आकड्याच्या वर-खाली काळे त्रिकोण म्हणजे उंचीची मर्यादा. दोन्ही बाजूंना असतील तर रुंदीची. उंची टपापर्यंत नव्हे, लादलेल्या मालापर्यंत मोजावी. पुलाला घासून फाटलेल्या गासड्या आम्ही पाहिल्या आहेत.

सर्वांत अपरिचित खूण मात्र लाल काठाच्या त्रिकोणातील चार काळ्या ठिपक्यांची. २०२२ साली बेंगळुरूच्या होपफार्म चौकाजवळ ती दिसली तेव्हा भल्याभल्यांना अर्थ लागेना. वाहतूक पोलिसांनी खुलासा केला की, रस्त्यावर अंध व्यक्ती असू शकतात. चौकाजवळ अंधशाळा आहे. अशा ठिकाणी हॉर्न वाजवून वाट काढू नये, वेग कमी करून त्यांना आधी जाऊ द्यावे.