चिंतेचा विकार बरा होतो काय?

काळजी कोणाला चुकली आहे? मुलीचे लग्न, मुलाची परीक्षा, घरातील आजारपण यांपायी झोप उडावयाचीच. परंतु कारण सरले तरी काळजी सरत नाही, छाती धडधडते, हृदयविकाराच्या शंकेने तपासण्या होतात आणि त्यांत काही निघत नाही, अशीही माणसे आपल्या घराघरांत आहेत. ‘मन घट्ट करा’ एवढाच उपदेश त्यांच्या वाट्यास येतो. वस्तुतः हा आजार आहे. तो बरा होतो काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात उपचारासाठी आलेल्या अशा रुग्णांची पाहणी १९८९ पासून बारा वर्षे करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सलग आठ आठवडे लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली, तर रुग्ण बरा झाला असे मानले होते. सदैव काळजीने ग्रासलेल्यांत शेकडा ५८, तर चारचौघांत वावरण्याचे भय असलेल्यांत शेकडा ३७ बरे होण्याचे प्रमाण आढळले. अचानक धडकी भरण्याचे झटके येणाऱ्यांत ते ८२ होते. पण त्याच झटक्यांच्या धास्तीने ज्यांना बाजार, प्रवास, गर्दी नकोशी झाली होती, त्यांच्यात केवळ ४८! बऱ्या झालेल्यांपैकी पुष्कळांना आजाराने पुन्हा गाठले, हेही सांगितले पाहिजे.

यातून घ्यावयाचा बोध असा की, टाळाटाळीची जोड मिळालेला आजार अधिक चिवट असतो. बाजार टाळला की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. पण बाजारात खरोखरच धोका होता, अशी मनाची समजूत त्यामुळे पक्की होते. म्हणून भीतीला पायरी-पायरीने सामोरे जाण्यास शिकविणे, हा आजच्या मानसोपचाराचा गाभा आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली आपल्या ग्रंथात अशी क्रमाक्रमाची पद्धत मांडली होती. औषधांचाही चांगला उपयोग होतो. मात्र गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद केल्यास आजार उलटण्याची भीती असते.

घरच्यांचे कर्तव्य यात मोठे आहे. ‘तुम्ही बसा, आम्ही जाऊन येतो’ असे आपण मायेने म्हणतो, आणि नकळत आजाराला खतपाणी घालतो. त्यापेक्षा आज कोपऱ्यापर्यंत, उद्या दुकानापर्यंत सोबत जावे, आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबतही कमी करावी. दुखणे उलटले तर ते अपयश समजू नये. पुन्हा उपचार सुरू करावे. कोठे विचारावे हे न सुचल्यास भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

तापाला आपण लपवीत नाही. मग भीतीलाच का लपवावे?