आधी हवेला वाट द्या

सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संगणकविषयक संकेतस्थळाने एक प्रयोग करून त्याची चित्रफीत दाखवली. चार प्रोसेसरांवर ‘क्वेक ३’ हा खेळ सुरू केला आणि खेळ चालू असतानाच त्यांच्यावरचे हीटसिंक उचलून काढले. एएमडीचे दोन्ही अ‍ॅथलॉन बघता बघता धूर सोडून जळाले. त्यांचे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या घरात आणि त्याहून वर गेले होते. इंटेलचा पेंटियम ३ बंद पडला, पण वाचला. पेंटियम ४ मात्र चालत राहिला. त्याने आपला वेग आपणच कमी केला, पडद्यावरचे चित्र अडखळत सरकू लागले आणि हीटसिंक परत ठेवताच खेळ पूर्ववत धावू लागला.

आज बाजारात मिळणारा प्रत्येक प्रोसेसर त्या पेंटियम ४ सारखाच वागतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपसाठी १०० अंश ही कमाल मर्यादा आहे, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी ९५. पारा तिथे पोहोचला की चिप वेग उतरवते, त्यामुळे ती जळत नाही. पण याच सोयीमुळे दुखणे लपून राहते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला वाटते की संगणक जुना झाला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी सॉफ्टवेअरला दोष देतो. कॅबिनेटच्या जाळीवर साचलेला धुळीचा थर मात्र कोणी पाहत नाही, आणि दुकानात विचारायला गेले की बहुतेकदा महागडा नवा कूलर घ्यायचा सल्ला मिळतो.

इथे थोडे थांबून उष्णतेचा प्रवास समजून घ्यायला हवा. इंटेलचा २०२२ चा कोअर आय९-१३९००के पूर्ण ताणाखाली २५३ वॉटपर्यंत वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हे सारे घडते सुमारे अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण १०० वॉट. घरातल्या १,००० वॉटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तिथे हे प्रमाण पाचच वॉट येते. ही उष्णता चिपमधून थर्मल पेस्टमध्ये, तिथून हीटसिंकच्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियममध्ये, तिथून कॅबिनेटमधल्या हवेत आणि शेवटी खोलीत जाते. कूलर गारवा निर्माण करत नाही, उष्णता पुढच्या टप्प्यावर पोहोचवतो. प्रत्येक टप्प्यावर काही अंशांची भर पडते आणि बेरजेची सुरुवात खोलीच्या तापमानापासून होते.

म्हणूनच परदेशी चाचण्यांतले आकडे विदर्भात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एखादा कूलर ठरावीक भाराखाली चिपला खोलीपेक्षा ५० अंश वर ठेवत असेल, तर २२ अंशांच्या प्रयोगशाळेत ती ७२ वर राहील. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यातल्या दुपारी खोली ४२ वर असेल, तर तोच कूलर, तेच काम आणि चिप मात्र ९२ वर. खिडकीत वाळ्याचा कूलर लावून खोली ३० पर्यंत उतरवली, तर ढोबळमानाने तेवढेच अंश चिपवरूनही उतरतात. दमट हवेची भीती इथे अनाठायी आहे. संगणकाचे आतले भाग हवेपेक्षा गरम असल्याने त्यांच्यावर दव धरत नाही. काळजी एवढीच घ्यायची, की कूलरच्या झोतातले पाण्याचे तुषार थेट कॅबिनेटवर येऊ नयेत.

खोलीनंतर येते कॅबिनेट, आणि खरी गफलत इथेच होते. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेटसाठी बंद कप्पा असतो: तिन्ही बाजूंनी प्लायवूड, मागे केबलपुरते भोक. मागच्या फॅनने बाहेर टाकलेली तापलेली हवा त्याच कप्प्यात घोटाळते आणि पुढून परत आत ओढली जाते. अशा ठिकाणी कितीही भारी कूलर बसवला तरी त्याला हवाच गरम मिळते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवायला काहीच खर्च नाही.

किती हवा लागते याचा हिशेब शालेय भौतिकशास्त्रातला आहे. कॅबिनेटमध्ये ३०० वॉट उष्णता तयार होत असेल आणि आतून जाणारी हवा फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा आरपार जायला हवी. फॅनच्या खोक्यावर छापलेल्या एककात हे सुमारे ५५ सीएफएम होतात. हवा निम्मीच गेली, तर आतले तापमान १० ऐवजी २० अंशांनी वाढेल. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो हेही लक्षात ठेवायला हवे. पुढे बारीक जाळी, तिच्यावर धूळ किंवा सपाट काच असली, की प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी हवा सरकते.

काचेची आणि सपाट पत्र्याची फॅशन मधल्या काळात फार बोकाळली होती. चकचकीत, बंद चेहऱ्याच्या कॅबिनेटला हवा घ्यायला कडेच्या अरुंद फटीच उरत. मग उत्पादकांनाच माघार घ्यावी लागली. कॉर्सेअरने २०२० मध्ये ४०००डी हे कॅबिनेट दोन रूपांत आणले. सांगाडा तोच, पण एकाला पुढे सपाट पत्रा आणि दुसऱ्याला जाळी. दुसऱ्याचे नावच ‘४०००डी एअरफ्लो’. नवे कॅबिनेट घेताना रंगीबेरंगी दिव्यांऐवजी पुढची जाळी पाहावी, हे ठासून सांगायला हवे.

आपल्या कॅबिनेटचा दोष आहे की कूलरचा, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान पाहत संगणकाला अर्धा तास जड कामाला लावायचे. मग कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तेच काम पुन्हा करायचे. पारा सात-आठ अंशांनी किंवा अधिक उतरला, तर कूलर निर्दोष आहे. आतली हवा कोंडली आहे. झाकण कायमचे उघडे ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. हवेचा ठरलेला प्रवाह मोडतो आणि धूळ सरळ मदरबोर्डवर बसते.

प्रवाहाची दिशा साधी असते: पुढून किंवा खालून आत, मागून आणि वरून बाहेर. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते. उलटा बसलेला फॅन या एका खुणेवरून ओळखता येतो. आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवले, तर कॅबिनेटमध्ये दाब किंचित वाढतो आणि धूळ फटींऐवजी जाळीतूनच, म्हणजे गाळून, आत येते. रस्त्यालगतच्या घरात हा फरक दोन-तीन महिन्यांत दिसू लागतो. साफ करताना ब्लोअर मारायचा तर फॅनची पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर झोताने ती मर्यादेबाहेर फिरून फॅनच निकामी होऊ शकतो.

एवढे झाल्यावर कूलरकडे वळायचे, आणि तेही आधी पेस्टकडे. तांबे हवेच्या सुमारे १५,००० पट चांगले उष्णतावाहक आहे. चिप आणि हीटसिंकच्या खडबडीत पृष्ठभागांमध्ये अडकलेली हवा घालवणे एवढेच पेस्टचे काम. चांगली पेस्टसुद्धा तांब्याच्या पन्नासाव्या भागाइतकीच उष्णता वाहते, म्हणून तिचा थर जितका पातळ तितका बरा. हा टप्पा किती महत्त्वाचा आहे हे इंटेलच्या २०१२ मधल्या कोअर आय७-३७७०के वरून कळले. आधीच्या पिढीत चिप आणि तिच्यावरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये डाख दिलेला असे, इथे साधी पेस्ट आली. हौशी लोकांनी झाकणे उचकटून चांगली पेस्ट भरली आणि तापमान दहा अंशांहूनही अधिक उतरवून दाखवले. २०१८ च्या कोअर आय९-९९००के मध्ये इंटेल पुन्हा डाखाकडे वळली.

पाण्याच्या कूलरबद्दल बाजारात फार गैरसमज आहेत. पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेते. तिथून ती अखेर त्याच खोलीच्या हवेत जाते. मोठा रेडिएटर मोठ्या चिपला उपयोगी पडतो, हे खरे. पण ६५ वॉटच्या प्रोसेसरला दोन फॅनचा मध्यम एअर कूलर पुरून उरतो, आणि त्यात बिघडायला पंपही नसतो.

शेवटचा उपाय उगमावरच चालतो. प्रोसेसरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच वेग राखून व्होल्टेज १० टक्के कमी करता आले, तर चिपच्या कामाला लागणारी वीज जवळपास १९ टक्क्यांनी घटते. प्रत्येक चिप एवढी सूट देत नाही, म्हणून थोडेथोडे उतरवत, दरवेळी चाचणी घेत जावे लागते. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांना बायोसमध्ये ‘इको मोड’ असतो, आणि इंटेलच्या बहुतेक बोर्डांवर विजेची मर्यादा वॉटमध्ये लिहिता येते. रायझन ९ ७९५०एक्सची २३० वॉटची मर्यादा इको मोडमध्ये ८८ वर आणली, तरी त्याचा वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्‌झसाठीच सर्वांत जास्त व्होल्टेज मोजावे लागते. नागपूरकराने मार्चअखेर ही मर्यादा लावावी आणि पावसाळा स्थिरावला की काढून टाकावी. त्यासाठी कॅबिनेट उघडण्याचीही गरज नाही.