खेळयंत्रांचे भवितव्य आणि काशीची लाकडी खेळणी

वाराणसीतील खोजवाँ आणि कश्मीरीगंज या वस्त्यांत आजही खरादावर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर, खेळणी घडवली जातात. फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांनी हा बाजार आक्रसला, तरी भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशविशिष्ट उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभलेली ही कारागिरी जाणकार गिऱ्हाइकांच्या आधारावर टिकून आहे. केवळ खेळण्यासाठीच बनवलेल्या, पडदा आणि बटणे एकाच आटोपशीर साच्यात सामावलेल्या हातातल्या गेम कन्सोलची वाटचालही स्मार्टफोनच्या काळात काहीशी अशीच झाली आहे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीत गुनपेई योकोई यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' हे खिशात मावणारे यंत्र घडवले. त्यानंतर १९८९ मध्ये 'गेम बॉय' आला, आणि २००४ मधील 'डीएस'ची विक्री तर पंधरा कोटींच्या पुढे गेली. मात्र २००८ मध्ये आयफोनसाठी ॲप स्टोअर सुरू झाल्यावर हाताशी असलेल्या फोनवरच फुकट किंवा नाममात्र किमतीत खेळ मिळू लागले, त्यामुळे २०११ मधील 'थ्रीडीएस'ची विक्री डीएसच्या जेमतेम निम्म्यावर थांबली आणि सोनीने आपल्या 'व्हीटा' या हातातल्या कन्सोलचे उत्पादन २०१९ मध्ये बंद केले.

भारतात ही स्पर्धा मुळातच विषम होती. निन्टेंडोचे येथे अधिकृत विक्रीजाळे नसल्याने तिची यंत्रे आयातदारांमार्फत चढ्या भावाने येतात, तर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून इंटरनेट स्वस्त झाले. साहजिकच वाराणसीसारख्या शहरात 'बीजीएमआय'सारखे ('बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया') खेळ फोनवरच रुजले. असे खेळ मोफत उतरवून घेता येतात आणि कंपनीची कमाई खेळातील पोशाख वा सजावटीच्या विक्रीतून होते. कन्सोलवर मात्र बहुतेक खेळांची किंमत आधीच मोजावी लागते.

तथापि फोनच्या काही मर्यादा सुटलेल्या नाहीत. काचेवर टेकलेला अंगठा दृश्याचा भाग झाकतो, बोटांना बटणाचा ठाव लागत नाही आणि दीर्घ खेळात फोन तापून मंदावतो. या मर्यादांमुळे कन्सोलला वाव उरला: घरी टीव्हीला जोडता येणारा आणि बाहेर हातात धरता येणारा निन्टेंडोचा 'स्विच' २०१७ मध्ये आला व त्याची विक्री पंधरा कोटींपलीकडे गेली. संगणकावरील खेळ चालवणारा 'स्टीम डेक' २०२२ मध्ये, तर 'स्विच २' जून २०२५ मध्ये बाजारात आला.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा, की फावल्या वेळचा विरंगुळा फोनने कायमचा जिंकला असला, तरी खास त्या यंत्रासाठी रचलेले सकस खेळ मिळत राहिले तर हातातला कन्सोल टिकेल. मात्र अधिकृत विक्री आणि परवडणारी किंमत यांची जोड मिळेपर्यंत भारतात तो मोजक्या हौशी खेळाडूंपुरताच मर्यादित राहील.